चैतरामचा दोर

ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला, डॅशबोर्डच्या पत्र्यात एक भोक होते. करंगळी जेमतेम आत जाईल एवढे. त्याची कड सगळीकडून गंजलेली होती, फक्त खालच्या बाजूला घासून चकचकीत झालेली, आणि तिथे एक खोल खाच पडलेली. हर्षाने भोकातला दोर बाजूला सारून खाचेतून नख फिरवले. इथून तो वर्षानुवर्षे ओढला गेला होता. पण सीटवर बसलेल्या माणसाने ओढला असता तर पत्रा वरच्या कडेला झिजला असता. ओढणारा सीटच्या खाली होता, आणि मागे.

तिने हे कुणाला विचारले नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात तिची बरीच वर्षे गेली होती. आधी पाहायचे, मग पुन्हा पाहायचे, आणि बोलायचे सर्वांत शेवटी, ही तिथली सवय.

ट्रॅक्टर नागरा गावाजवळच्या एका अंगणात, सीताफळाच्या झाडाखाली उभा होता. मालक चैतराम वारून दोन पावसाळे झाले होते. त्याची बायको रुख्माबाई ओसरीवर बसून सौदा पाहत होती. हर्षाने सोबत अर्जुनीचा कैलाश मिस्त्री आणला होता. त्याने पहिल्यांदा सायलेन्सरवर तळहात ठेवला; गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणून. सायलेन्सर थंडगार होता. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले, काळा धूर एकदा ओकला आणि मग निवळला. कैलाशने ऑइलचे झाकण उघडून आतून वाफ मारते का पाहिले, गिअर टाकून पाहिले, आणि मान डोलावली.

पैसे दिल्यावर रुख्माबाई उठली. डिझेल पंपाच्या ज्या दांडीने इंजिन बंद करतात, तिला कंपनीच्या तारेऐवजी हा लांब दोर बांधलेला होता आणि तो त्या भोकातून सीटच्या मागे काढलेला होता. म्हातारीने गाठ सोडली, दोराची गुंडाळी केली आणि तो घरात नेला.

"बैल विकला तरी दावं कोनी देत नाही, मॅडम," कैलाश हळूच म्हणाला. "दावं गेलं का गोठ्याची बरकत गेली. पन टॅक्टरचं दावं ठेवनारी बाई मी पयल्यांदाच पाहून राहिलो."

हर्षाला ते आवडले. गोंदियाच्या बाजारातून तिने बंद करायची नवी तार घेतली, कैलाशने ती बसवली, आणि ट्रॅक्टर अर्जुनीकडे निघाला.

तिची जमीन तिथेच, इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली होती. वडील गेले त्या हिवाळ्यापासून एकच प्रश्न तिच्यासमोर होता. रायपूरला स्थायिक झालेल्या तिच्या भावाला, वीरेंद्रला, जमीन विकायची होती. गिऱ्हाईक तयार होते, फक्त तिची सही हवी होती. तेराव्याच्या दिवशी ती म्हणाली होती, पाहते. त्यानंतर दर फोनवर ती तेच म्हणत आली. वीरेंद्र वाईट नव्हता. बाईमाणसाने एकटीने धान करायचे म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते, आणि बहिणीची काळजी वाटत होती. नाही म्हणायला हर्षाकडे कारण नव्हते, हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. प्रयोगशाळेतून मिळालेली रजा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपेपर्यंतची. तिने मनाशी एक कसोटी लावली होती: चिखलणी आपली आपल्याला जमली तर राहायचे, नाही तर सही करायची.

चिखलणी म्हणजे बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, पाणी साठवून, लोखंडी चाके लावून माती लोण्यासारखी करणे. चिखलणी चूक सहज माफ करत नाही. मागची चाके रुतली आणि चालवणाऱ्याने जोर दिला की चाके फिरायची सोडून ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरू पाहतो; पुढचे तोंड उचलले जाते आणि माणूस खाली सापडतो. हे हर्षा कागदावर मांडून दाखवू शकली असती. हाताला मात्र ते ठाऊक नव्हते.

पहिल्याच सकाळी वरच्या बांधीतून कडेच्या उंच धुऱ्यावर चढताना इंजिन बंद पडले.

पुन्हा सुरू केले, सुरू झाले. दुपारी कालव्याच्या अंगाला वळताना पुन्हा बंद. कैलाश आला, म्हणाला एअर पकडून राहिला असंल. त्याने पंपावरचा स्क्रू सैल केला आणि हाताने डिझेल पंप केले. हवा असती तर फेस आला असता. पहिल्या दाबालाच स्वच्छ, सरळ धार आली. तरी त्याने फिल्टर बदलला, तांब्याचे वॉशर बदलले, टाकी काढून तळ धुतला. सगळ्या पाइपांवर साबणाचे पाणी लावून हर्षाने स्वतः बुडबुडा शोधला. नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा बंद पडले.

तेव्हा तिच्या लक्षात आले ते आवाजाचे. डिझेलमध्ये हवा शिरली की इंजिन खोकते, दम खाते, आचके देऊन मरते. हे तसे नव्हते. भर आवाजात चालता चालता ते एकदम गप्प होई, कुणीतरी बंद केल्यासारखे. तिने नवी तार पंपापासून सोडवून ठेवली. तरी तेच. मग बंद करायची दांडी तिने चालू बाजूला बाइंडिंगच्या तारेने आवळून बांधली, पकडीने पीळ दिला, आणि खालच्या बांधीत उतरली.

चाके रुतली. तिने नकळत जोर दिला. पुढचे तोंड हलके झाले. स्टीअरिंग हातात एकदम पोकळ वाटले.

इंजिन गप्प झाले.

तोंड सावकाश खाली टेकले. बांधीत पाण्याची एक लाट धुऱ्यापर्यंत जाऊन परत आली. हर्षा खाली उतरली, तिचे पाय मांडीपर्यंत चिखलात गेले. तार तुटली नव्हती. तिचा पीळ उलटा उलगडलेला होता, एकेक वेढा, आणि तिची दोन्ही टोके नीट बाजूला वळवून ठेवलेली होती. कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून ठेवतात तशी.

तिला भीती वाटली नाही. वाटले ते दुसरेच काही. लहानपणी कालव्यात पोहायला शिकताना वडिलांचा तळहात पोटाखाली असायचा, त्याची तिला आठवण झाली. मोकळ्या बांधीकडे पाहून ती हलकेच म्हणाली, बरं झालं. आणि आपण कुणाशी बोललो, हे तिने स्वतःला विचारले नाही.

त्यानंतर तिने शोध थांबवला आणि शिकू लागली. इंजिन बंद पडले की ती आधी स्वतःची चूक शोधी, आणि ती सापडेच. कधी चाक कालव्याच्या भिजलेल्या काठावर गेलेले असे, कधी वळताना एकच ब्रेक जास्त दाबलेला. रुतल्यावर जोर द्यायचा नाही, धुऱ्यावर तोंड पुढे करून नव्हे, मागे घेऊन चढायचे, हे हळूहळू तिच्या हातांना कळू लागले. इंजिन बंद पडायचे कमी झाले. रोवणीला आलेली शामकला बांधीत उतरून म्हणाली, चिखल तुझ्या बापासारखाच झाला ग, पायाले ढेकूळ लागून नाही राहिलं. हर्षाला दिवसभर ते वाक्य पुरले. संध्याकाळी वीरेंद्रचा फोन आला. तिने चिखलाबद्दल सांगितले, सहीबद्दल पुन्हा पाहते म्हटले.

कैलाशला उलगडलेली तार दाखवली तेव्हा त्याने ती हातात घेतली नाही. "म्हातारीले विचारून या, मॅडम," एवढेच म्हणाला.

खालची एक बांधी तेवढी राहिली असताना, सकाळची चिखलणी आटोपून गोंदियाच्या गाडीने ती नागऱ्याला गेली.

रुख्माबाई दारातच होती, जणू तिची वाट पाहत. आली का पोरी, बस, म्हणाली. पाणी दिले. ट्रॅक्टर कसा आहे ते तिने विचारले नाही. हर्षाने आडवळणाने सुरुवात केली, काकांच्या वेळी हा मध्येच बंद पडायचा का. म्हातारीने ओसरीतल्या खुंटीकडे बोट दाखवले.

दोर तिथे टांगलेला होता, तेलाने काळा झालेला. बाहेर आठवडाभर ऊन होते, अंगण वाळून भेगाळले होते. पण दोर ओला होता. त्याच्याखाली सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा डाग होता आणि त्यात एक थेंब पडला.

हर्षा जवळ गेली. त्या भागातली माती काळी, चिकट, कन्हार. दोराच्या पिळात बसलेली माती पिवळट होती. तिने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. बारीक वाळू लागली. तिच्या शेतातली सिहार. गेले कित्येक दिवस ती रोज हीच माती नखांतून काढत होती.

"खुंटीले टांगला तवापासून सुका होता," रुख्माबाई म्हणाली. "तुमच्याकडं चिखलनी लागली, अन् हा गळू लागला. सकाळी सुका राह्यते. दुपारी पाह्य, असा."

मग तिने सांगितले. चैतरामने पोराला शिकवले, पुतण्याला शिकवले, गावातल्या कितीतरी जणांना शिकवले. शिकणारा सीटवर, आणि तो मागे चिखलात दोर धरून चालायचा. ट्रॅक्टरने तोंड उचलले की ओढायचा. रागे भरायचा नाही, समजावून सांगायचा नाही. शिकणाऱ्याने आपली चूक आपण शोधायची. त्याच्या हाताखाली शिकलेला एकही माणूस ट्रॅक्टरखाली सापडला नाही.

"मले वाटलं, दोर घरी ठेवला म्हनजे बुढाबी घरीच राहीन," ती म्हणाली. "बैलाचं दावं ठेवतात ना, तसा ठेवला. माहं चुकलं. त्याचं ध्यान वावरात."

हर्षाला आभार मानायचे होते आणि त्यासाठीचे शब्द कोणाकडे पाहून बोलायचे ते कळत नव्हते.

"कैलाश सांगत होता, तुहा भाऊ वावर इकाले लावून राहिला. खरं का?"

हर्षाने मान डोलावली.

"मंग आयक. शिकनारा पुरा शिकेपावतर तो हात सोडत नाही. त्याले तीन-चार सालं लागतात. या वयात चिखलात उभं राहनं सोपं नाही, पोरी." म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, आजारी माणसाबद्दल बोलावे तसा. "तू हे साल करून इकनार असशीन, त आत्ताच सांग. मी हा दोर चुलीत घालतो. त्याले उगाच शिनवू नोको. अन् राहनार असशीन, त तेबी सांग. पन मले नको सांगू."

ओसरीत वारा नव्हता. परसात कोंबडी माती उकरत होती, तिचाही आवाज थांबला.

थेंब पडायचे थांबले.

दोराच्या टोकाला मुठीत धरण्यासाठी एक फास होता. मघापासून तो खाली लोंबत होता. आता लोंबत नव्हता. तो आडवा वर उचलला गेला होता, गोल, ताणलेला, आत कुणाची तरी मूठ असावी तसा. आणि दोर खुंटीपासून तिथवर सरळ झाला होता.

रुख्माबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नवऱ्यासमोर ओढतात तसा, आणि नजर खाली वळवली.

हर्षा उभी राहिली. तिने हात जोडले. हिवाळ्यापासून अडलेली जीभ सहज उचलली.

"काका," ती त्या फासाच्या जरा वर, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर पाहत म्हणाली, "वावर मी विकत नाही. उद्या सकाळी खालची बांधी आहे. या."