आमदारबाई झोळीत

"शेवंती अडलीय! सुईण म्हणते, पोर पायाळू आहे, पाय आधी येतायत!" पाड्यावरून धावत आलेला दादू धापा टाकत एवढंच बोलला, आणि डॉक्टर चेतना ओव्हाळ पिशवी उचलून पाड्याच्या वाटेला लागल्यासुद्धा!

बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवर बाईंनी वर्षानुवर्षं सुया टोचल्या, आणि मग लोकांनीच त्यांना आमदार केलं. प्रचारात त्या छातीठोकपणे म्हणाल्या होत्या, "ओढ्यावर पूल होणार म्हणजे होणार! यापुढे कुणी झोळीतून दवाखान्यात जाणार नाही!" पूल अजून भाषणातच होता.

ओढा फुगला होता. पुढे दादू बांबूने तळ चाचपत, मध्ये बाई, मागे पिशवी डोक्यावर घेतलेला त्यांचा सहायक, चारकोपचा सौरभ. मधोमध दगड हलला. पाय मुरगळला! बाई पाण्याखाली! दादूने दंड धरून ओढलं म्हणून वाचल्या. काठावर पाय टेकवेना.

"वाट लागली! मॅडम, परत फिरूया ना?" सौरभ म्हणाला.

"परत? तिकडे दोन जीव अडकलेत रे!"

दादूने खांद्यावरचं कांबळं बांबूला बांधलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झोळी? मला?"

"मतांसाठी पसरली होती ना बाय? आता बसा तिच्यात!"

चढावर बांबूचं मागचं टोक खांद्यावर घेतलेला सौरभ घसरत होता, देवाचं नाव घेत होता. आणि करवंदीच्या जाळीपाशी, ऐन वाटेत, बिबट्या! सौरभ दोन पावलं मागे सरला. झोळी डुगडुगली. तेवढ्यात आतून सभेतला खणखणीत आवाज फुटला, "बंधू-भगिनींनो!!"

बिबट्या शेपटी हलवत झाडीत गेला.

"मॅडम, तुमच्या सभेतून उठून गेलेला हा पहिलाच," सौरभ पुटपुटला.

झोपडीत शेवंतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई बसूनच कामाला लागल्या. पाय आले, कंबर आली, खांदे आले. डोकं अडलं! "आता जोर लाव गं, माझी बाय!" डोकं सुटलं, आणि पोरीने जो टाहो फोडला म्हणता! बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

सुंदराबाई सुईणीने पोरीची इवलीशी टाच बाईंच्या सुजल्या घोट्यावर टेकवली. "पायाळूचा पाय लागला की लचक पळते."

ठणका तसूभरही हलला नव्हता. "पळाली हो!" बाई हसत म्हणाल्या.

"बघा, पोरीने आल्याआल्या काम केलं," दादू म्हणाला. "तुमचं कधी?"

बाईंची मान खाली गेली. मग त्यांनी ते चिमुकलं पाऊल हातात धरलं. "हिला पाय फुटायच्या आत पूल होईल. शब्द आहे माझा."

"घाई करा मग," दादू म्हणाला. "आमच्या पोरी लवकर चालतात!"