रांजणावरचं ऑर्किड

गाडीचं दार उघडलं, आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या सोजराबाई भाकरतुकडा घेऊन पुढं झाल्या… कुरकुंभहून राहू गावाला यायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्यांच्या सुनेला, अनुपमाला, यायला तीन वर्षं लागली होती! नातू बसायला लागला, तरी आजीनं त्याचं तोंड मोबाईलवरच पाहिलेलं. आज लेकानं, इंद्रजीतनं, हट्टच धरला, म्हणून लेकरू घरच्या देवाच्या पाया पडायला आलं होतं.

सोजराबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं. “ये गं अनू. दमली आसशील, घोटभर पाणी पी.”

“नको,” अनुपमा खाली बघत म्हणाली.

बस्स, एवढंच! पण त्या एका शब्दानं माउलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

काय दिवस होते ते! राधानगरीकडची ही पोर लग्न होऊन आली ती मांडीवर कुंडी घेऊन. कुंडीत ना माती, ना शेणखत… नुसता कोळसा, नारळाच्या शेंड्या आणि त्यात उसासारखी पेरं असलेली हिरवी कांडी! सोजराबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. “अगं, कोळशात कुठं झाड जगतं व्हय?”

“हे जगतं, आई! ऑर्किड हाय हे. ह्याच्या मुळांना हवा लागती. माझ्या बाबांनी वाढवलंय.”

मग रोज सकाळी सासू-सुना मिळून त्याच्यावर पाण्याचा फवारा मारायच्या, उन्हाची तिरीप आली की कुंडी सरकवायच्या, आणि गप्पांना नुसता ऊत यायचा. पहिली जांभळी फुलं आली, तेव्हा अनूनं एक खुडून सासूच्या अंबाड्यात खोवलं. घरधनी गेल्यापासून त्या अंबाड्याला फूल ठाऊक नव्हतं. लोक काय म्हणतील, म्हणून सोजराबाई किती लाजल्या… पण दिवसभर त्यांना ते काढवलं नाही!

आणि मग कुणाची दृष्ट लागली देव जाणे. अनूचे बाबा गेले. ती माहेरी गेली, तेराव्यापर्यंत राहिली. इकडं उन्हानं झाड मलूल पडलं, तसा इंद्रजीतला पुळका आला. त्यानं रानातली काळी माती आणली, शेणखत घातलं, वर तांब्या तांब्या पाणी! उसाच्या रानात वाढलेला तो, त्याला दुसरं काय सुचणार? झाड बुडापासून सडलं.

“कुणी केलं हे?” परतलेली अनू किंचाळली होती.

इंद्रजीतचं तोंड एवढंसं झालं. तो काही बोलणार, तोच सोजराबाई पुढं झाल्या. “मी लावलं गं मातीत. मी!”

“माझ्या बाबांना पुन्हा मारलंत तुम्ही! ह्या घरातलं पाणीसुद्धा आता माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई!” तिनं कुंडी उकिरड्यावर भिरकावली, आणि त्याच आठवड्यात कुरकुंभला वेगळं बिऱ्हाड झालं. इंद्रजीत गप्प राहिला. आईनं डोळ्यांनी दटावलं होतं हे खरं, पण माणसाला देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं जेवायला?

हे सगळं आठवत सोजराबाई उभ्या होत्या, एवढ्यात बाळानं दुपटं ओलं केलं. त्याला धुवायला अनुपमा मागच्या पडवीत गेली… ती परत येईना. मायलेक घाबरून मागं धावले.

पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर, ओल्या गोणपाटाच्या सावलीत, तारेला बांधलेल्या करवंटीतून जांभळी फुलं लोंबत होती.

“हे… हे कुठलं?”

“तुझंच हाय. उकिरड्यावरनं एक कांडं उचललं. उसाचं बेणं निजवत्यात तसं ओल्या शेंड्यांवर आडवं निजवलं. वाटलं, कांड्याचा डोळा फुटला तर फुटला… आन् फुटला गं! घिऊन जा आता. तुझ्या बापाची खूण हाय.”

“मारायचंच होतं, तर जगवलंत कशाला?” अनुपमा सासूकडं वळली.

“तिनं मारलंच न्हाई, अनू!” इंद्रजीत एकदम ओरडला. “मी लावलं मातीत… मी! आन् तीन वरीस भेकडासारखा गप बसलो!”

“खोटं बोलतोय गं त्यो! माझी कीव आली म्हणून…” सोजराबाई अजूनही लेकाला पाठीशी घालत होत्या.

“आई, बास!” अनुपमाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “का सोसलंत? का?”

“तुझा बाप गेलेला, पोरी. त्यात नवऱ्यावरचाबी जीव उडाला आसता, तर कुणाच्या तोंडाकडं बघितलं आसतंस? सासू वाईट निघाली तरी संसार हुतो… नवरा वाईट निघाला की मोडतो!”

अनुपमानं नवऱ्याकडं असं काही पाहिलं, की तो भिंतीला टेकला. “तुमच्याशी मी मागनं बोलते,” ती म्हणाली, आणि लेकरासकट सासूच्या गळ्यात पडली. दोघींच्या मधे चेंगरलेल्या बाळानं भोकाड पसरलं, तरी मिठी सुटेना.

“झाड हितंच राहू द्या,” ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. “आम्हीच येत जाऊ… आन् आई, तहान लागलीया. पाणी द्या की मला.”

सोजराबाईंनी रांजणात तांब्या बुडवला. गडबडीत निम्मं पाणी तिथंच सांडलं. उरलेलं अनुपमा घटाघटा प्यायली, आणि तिनं तांब्या पुन्हा पुढं केला.