तापीतले बुडबुडे

हे मी रचून सांगत नाही. रचायचंच असतं तर अमावास्येची रात्र तरी घेतली असती.

हे घडलं भर दुपारी. गेल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, प्रकाशा गावाजवळ, तापीच्या अडवलेल्या पाण्यात.

मी लखन. मी आणि माझा धाकटा भाऊ मिथुन शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारींचे नदीतले पाइप साफ करायचो. मिथुन खाली उतरायचा. तोंडात हवेची नळी, कमरेला दोर. मी होडीत बसून कॉम्प्रेसर सांभाळायचो आणि पाण्यावरचे बुडबुडे बघायचो. बुडबुडे येतायत म्हणजे भाऊ श्वास घेतोय. मी वर लक्ष ठेवीन, याच अटीवर आई त्याला पाण्यात जाऊ द्यायची.

त्या दिवशी दगाआप्पा नावाच्या एका शेतकऱ्याच्या पाइपाचं तोंड गाळानं बंद झालं होतं. ते काठावर बसून सारखे ओरडत होते, "लवकर करा रे भो, केळी मरी ऱ्हायनी!"

त्या जागेची एक खोड आहे. तिथे तळातून गॅस येतो. बारा महिने. पाण्यावर तेलाचा तवंग, रॉकेलसारखा वास. काडी ओढली की भुर्रकन जाळ होतो. लहानपणी त्यापायी मिथुननं किती काडेपेट्या संपवल्या आणि आईचा किती मार खाल्ला, विचारू नका. एक मास्तर सांगायचे, समुद्राच्या तळातूनही असाच गॅस निघतो, त्यात भुताखेताचं काही नाही.

आम्हालाही कधी भीती वाटली नव्हती.

गॅसचे बुडबुडे कसेही येतात. माणसाचे तसे नसतात. एक झुबका... मग खंड... मग पुन्हा झुबका.

मिथुन उतरला. झुबका... खंड... झुबका. सगळं ठीक.

आणि फट्कन कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला.

मी दोराला हात घातला. पाण्याकडे बघितलं तर...

बुडबुडे येतच होते. अगदी आरामात.

टाकीत हवा उरली असेल म्हणून काटा बघितला. काटा खाली टेकलेला.

मग हा श्वास घेतोय कशाचा?

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला.

मिथुन काठावर होता! दगाआप्पा त्याची पाठ चोळत होते. हवा बंद पडली, त्यात दोर पाइपात अडकलेला. म्हणून कमरेचा दोर सोडून तो काठाकडून बाहेर निघाला होता.

मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो.

मिथुन हसला नाही.

"दादा, खाले मन्हा हात कोनी धरेल व्हता. माले वाटनं तूच उतरना."

मी पुन्हा पाण्याकडे बघितलं.

झुबका... खंड... झुबका.

आणि माझ्या हातातला दोर हलला.

दोन झटके.

आमच्यात दोन झटके म्हणजे 'वर ओढ'. विचार करायचा नाही, ओढायचं. माझे हात सवयीनं ओढू लागले... आणि दोर सुटून यायला लागला. वजनासकट. माणसाइतकं वजन. बुडबुडे होडीकडे सरकू लागले...

"लखन, सोडी दे!" दगाआप्पा किंचाळले.

मी कोयत्यानं दोर कापला.

बुडबुडे थांबले. सगळेच. गॅसचेसुद्धा.

नंतर आम्ही आसपासच्या गावांत विचारलं. पोलिसांकडेही चौकशी केली. कोणी बुडालं नव्हतं. कोणी बेपत्ता नव्हतं.

मी ते काम सोडून पुरुषोत्तमनगरला एका वर्कशॉपमध्ये लागलो. मिथुन मात्र घरात थांबत नाही. रोज नदीवर जाऊन बसतो. आई विचारते, याला झालंय काय? तिला काय सांगू?

परवा तो नवा दोर घेऊन आला. जेवताना हळूच म्हणाला,

"दादा, बुडबुडा परत येई ऱ्हायनात. त्याले वर येवानं व्हतं. आपन दोर कापी टाका. मी आखो एकडाव उतरसू. तू दोर धरशी ना?"

मी नाही म्हटलं. रागावलो, हातापाया पडलो.

"मग मी एकलाच जासू," तो म्हणाला.

उद्याची सुट्टी टाकलीये. तो एकटा उतरण्यापेक्षा दोर माझ्या हातात असलेला बरा.

पण उद्या दोन झटके आले, तर ते कोणाचे, हे मला वर बसून कसं कळणार?