डावी टाच

दारावर थाप पडली तेव्हा दामिनी एका पायावर उभी होती. टीव्हीतली बाई हसत हसत केव्हाच पुढच्या स्टेपवर पोचली होती, आणि हिचे हात अजून मागच्याच स्टेपमध्ये अडकलेले.

"मॅडम... खाली पंखा हालून राहिला. काही पडलं काय वर?"

दारात खालच्या खोलीतला नवा भाडेकरू होता, दुर्गेश. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात कामाला. केसांत छताच्या चुन्याची भुकटी. दामिनीने ओढणी शोधली, मिळाली नाही, म्हणून सोफ्यावरची उशी पोटाशी धरली.

"मी पडली नाही. व्यायाम करून राहिली. नाचत करायचा असतो तो. काहून, नाही करू?"

"करा ना! फक्त..." तो घुटमळला. "तुमचा डावा पाय उशिरा पडून राहिला. दरवेळी, आठव्या ठोक्याले."

"तुम्हाले काय माहीत?"

"ऐकू येते. उमरेडले आमच्या आजोबाचा हातमाग होता. मागाच्या फळीवर कोणाचा पाय चुकला, की आजोबा ओसरीतून ओरडे. माझेही कान तसेच झाले."

असा माणूस आजवर तिला भेटला नव्हता. आजवर भेटले ते सगळे तिला पाहायला आलेले. चार स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि फोनवर एकच म्हणाली, मुलगी अंगानं जरा जास्त आहे. चौथ्या फोननंतर वामनराव, तिचे बाबा, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आई कौसल्याबाईंनी तिच्या ताटातला भात काढला. पावसाने बागेतल्या वाटेचा चिखल केला, फिरणं बंद झालं, म्हणून हा घरातला नाच. नाचता नाचता ती कितीदा रडायची. घामात कोणाला कळत नाही, एवढाच त्याचा फायदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आठव्या ठोक्याच्या जरा आधी, खालून आवाज आला. ठक! झाडूचा दांडा छताला. दामिनी दचकली, आणि तिचा डावा पाय पहिल्यांदा वेळेवर पडला.

मग ते रोजचंच झालं. ती वर नाचायची, तो खालून ठोका द्यायचा. जिन्यात भेट व्हायची, दोन-तीन मिनिटांची... तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"आज तू हसत हसत नाचत होती."

"हसणंही ऐकू येते काय तुले?"

"पाय हलका पडते वं तुझा," तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याला लाजून चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

गणपती आले, गेले. दामिनीचे कुर्ते सैल झाले आणि कामठीचं पाचवं स्थळ रविवारी यायचं ठरलं. शनिवारी जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली.

"तू बाबाशी बोल ना."

"मी बोललो तर म्हणतील, विश्वासानं खोली दिली, अन् हा पोरीवर नजर ठेवून बसला. जातही येगळी आपली. तू बोलशील तर गोष्ट अलग आहे."

"मले नाही होत रे एकटीनं. तोंडच उघडत नाही."

"पोरगा पाहून घे आधी. चांगला असला तर मी काहून मधात येऊ? नाही पटला, तर डावी टाच दोनदा आपट. मी खालून ठोकतो. मी आहो, एवढं समज... अन् मग बोल."

रविवारी पाहुणे आले. मुलगा, चेतन, वाईट नव्हता. तिच्याकडे पाहून तो खरंच चांगलं हसला. तरीही पोह्यांचा ट्रे ठेवता ठेवता तिने डावी टाच आपटली. एकदा. दोनदा.

खालून काहीच आलं नाही.

ती बसली. कोणी शिक्षण विचारलं, कोणी स्वयंपाक. तिने काय उत्तरं दिली ते तिचं तिलाच कळलं नाही. सगळा जीव कानात येऊन बसला होता. भिऊन गेला असेल तो. उमरेडची बस धरली असेल. हा नाच, हा घाम, रोज सकाळचा तो ठोका... सगळं तिने या दुसऱ्याच माणसाच्या पसंतीसाठी केल्यासारखं झालं!

"आम्हाले मुलगी पसंत आहे," चेतनची आई म्हणाली.

या एका वाक्याची त्या घराने सहा वर्षं वाट पाहिली होती. वामनरावांचे डोळे भरून आले. "कौसल्या, नारळ आण," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

आईबरोबर दामिनीही उठली. उठताना तिचा पाय रुतला, आणि तिने खाली पाहिलं. पाहुण्यांसाठी आईने हॉलभर गाद्या घातल्या होत्या, चांगल्या वीतभर जाड, वर पांढऱ्या चादरी. ती टाच कापसात आपटत बसली होती! खाली त्याला काय ऐकू येणार? तो समजला असेल, हिला पोरगा पटला.

तिने वाकून गादीचं टोक उचललं आणि सरळ मागे दुमडलं. ट्रे कलंडला, पोहे चादरीवर सांडले. "दामिनी, काय करून राहिली वं?" आई ओरडली. उघड्या फरशीवर दामिनीने डावी टाच आपटली. एकदा. दोनदा.

ती मनात मोजू लागली. एक... दोन... तीन... सहापर्यंत आली तरी खालून काही नाही. सात. संपलं सगळं. आठ...

ठक!

वामनराव फरशीकडे पाहतच राहिले. "हे काय होय?"

"दुर्गेश होय, बाबा," दामिनी म्हणाली. "मले त्याच्याशीच लग्न करायचं आहे."