गावपळणीतली झोपडी

दादरच्या एका हॉलमध्ये कोकण पर्यटनाचं प्रदर्शन भरलं होतं, आणि ‘प्लॅस्टिकमुक्त सुट्टी, खाडीकाठी’ असा भलामोठा बोर्ड लावून रघुवीर परब तिथे सोलकढी वाटत बसला होता. सुमेधा कासारे त्याच्या स्टॉलवर थांबली ती केवळ सोलकढीसाठी. पण घोट घेताघेता तिने बोर्डाचा कोपरा बोटांनी चाचपून पाहिला.

“हा फ्लेक्स आहे ना?”

“हो. का?”

“फ्लेक्स प्लॅस्टिकचा असतो.”

रघुवीरने मान वळवून स्वतःच्याच बोर्डाकडे नीट पाहिलं. “सकाळपासून दोनशे माणसं सोलकढी पिऊन गेली,” तो म्हणाला. “वाचलं फक्त तुम्ही.”

“वाचावं लागतं. नोकरी आहे.”

हे खरं होतं. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली सुमेधा दादरच्याच एका टूर कंपनीत विमानाची तिकिटं काढून कंटाळली होती. तिच्या श्रेया मॅडमनी तिला एक संधी दिली होती — पर्यावरणपूरक सहल, एकच. ती पार पडली तर निसर्ग सहलींचं काम कायमचं सुमेधाकडे, नाहीतर पुन्हा तिकिटं. सहलीसाठी तिला घर हवं होतं. रघुवीरकडे ते होतं. लालबागला राहून, नोकरी सांभाळून त्याने गावच्या घरावर सौर दिवे बसवले होते. पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवायची सोय होती, आणि पाहुण्यांचं सगळं त्याची आई बघत होती.

मग चौकशा सुरू झाल्या. कामाच्या चौकशा फोनवरही होऊ शकतात, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटत राहिले, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कुणी पाहिलं नाही.

“सांडपाणी कुठे जातं?” ती वहीत लिहीत विचारायची.

“केळींना.”

“ओला कचरा?”

“गांडुळांना.”

“आणि दुपारी पाहुण्यांनी करायचं काय?”

“खाडीकडे बघायचं. नाहीतर… मी आहेच.”

“म्हणजे खाडीकडेच बघायचं.”

तो हसला. तीही हसली, पण वहीत बघून. वहीत बघून हसणारी मुलगी प्रेमात नसते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

एकदा तिने पेन खाली ठेवलं. “तुझ्या गावात माझं आडनाव विचारतील.”

“विचारतील.”

“मग?”

“मग सांगायचं.” त्याने शेंगांची पुडी तिच्याकडे सरकवली. उत्तर काही फार मोठं नव्हतं, पण सुमेधाला त्या दिवशी ते पुरलं.

सहलीच्या बाराही जागा भरल्या. आणि निघायला बारा दिवस उरलेले असताना रघुवीर पडलेल्या चेहऱ्याने तिच्या ऑफिसखाली येऊन उभा राहिला.

“देवाचा कौल झाला. गावपळण लागली… आपल्याच तीन दिवसांत.”

रघुवीरच्या गावात दर तीन वर्षांनी, देव सांगेल त्या दिवशी, सगळं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस गावात चिटपाखरू राहत नाही. माळावर जो तो आपापल्या घरची झोपडी घालतो. तिथेच रांधायचं, मासे धरायचे, भजनं म्हणायची. पुन्हा कौल मिळाला की मगच घरी.

“यंदा आहे हे तुला माहीत होतं?”

“वर्ष माहीत होतं. वाटलं, तारीख पुढची मिळेल.”

“माझी सहल तू देवावर सोडलीस?”

“आधी बोललो असतो तर तू दुसरं घर शोधलं असतंस. मग मला फोन करायला तुला कारण काय उरलं असतं?”

एरवी या वाक्यावर ती विरघळली असती. “मला कारण लागत नव्हतं रे, मूर्खा,” ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याची आठवण येत होती, आणि येते म्हणून अजूनच राग येत होता. पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिने बाराही जणांना स्वतः फोन लावले आणि सगळं खरं सांगितलं — घर नाही, झोपडी आहे; पंखा नाही, तीन दगडांची चूल आहे; पटलं तर या. तिघांनी नावं काढून घेतली. गिरगावच्या सत्तरीतल्या जाईबाई म्हणाल्या, “अगं, घरात तर आम्ही रोजच असतो.” नऊ जण तयार झाले, आणि नऊ चालतील असं मॅडम म्हणाल्या.

मग तिने रघुवीरला फोन केला. “तुझ्या गावाला विचार, आम्हाला माळावर राहू देतील का.”

दोन दिवसांनी ते पुन्हा कट्ट्यावर बसले होते, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. त्याच्या आईचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

“मानकरी हो म्हणाले,” आई म्हणाली. “पण खंयच्या झोपडेत कोण, ता सांगूचा लागता. नऊ पावण्यांका तीन झोपडे घालतंव. आणि ता टूरवाला चेडू? पावण्यांवांगडा, की आपल्या झोपडेत?”

रघुवीर फोनवर वाकला. “आई, ता… सुमेधा कासारे. बौद्ध आसा.”

“ता माका म्हायत आसा. दोन म्हयने तुझ्या तोंडात दुसरा नाव नाय. लोक बोलतले, बोलांदेत. मी इचारतंय काय, तू सांगतंस काय?”

रघुवीरने सुमेधाकडे पाहिलं. मागायचं होतं ते सगळं त्या पाहण्यात होतं. सुमेधाने त्याच्या हातातून फोन घेतला.

“काकू, यंदा पाहुण्यांबरोबर. सहल माझी आहे, त्यांना सोडून चालणार नाही. आणि माझ्या आईलाही अजून समजवायचंय. पुढच्या गावपळणीला… तुमच्या झोपडीत.”

“अगं, पुढची तीन वर्षांनी येते,” रघुवीर कसाबसा म्हणाला.

“तू गप ऱ्हव रे,” आई म्हणाली. “ता हो म्हणता हा, तुका कळाक नाय?”