शनिवारचं वजन

सकाळी सात चाळीसला पोलीस ठाण्यात फोन आला.

"आमचे साहेब मेलेत," पलीकडचा माणूस म्हणाला. "माझ्याच वर्कशॉपमध्ये. लवकर या." आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा फोन करणारा मेकॅनिक दारातच फतकल मारून बसला होता. शंभर किलोंच्या वरचा गडी. सगळे त्याला पैलवान म्हणत. आत एका बुटक्या, बिनछपराच्या स्पोर्ट्‌स कारच्या चाकाशी तिचा मालक पालथा पडला होता. पेशानं आर्किटेक्ट. डोक्यावर मागून एकच घाव, शेजारी जड पाना. पान्यावर पैलवानाच्या बोटांचे ठसे निघाले. पाना त्याचाच होता, दुसऱ्या कोणाचे निघणार?

गाडीच्या सीटवर आर्किटेक्टची टोपी, गॉगल आणि हातमोजे नीट रचून ठेवलेले. टोपीवर रक्ताचा थेंब नव्हता. समोर वजनकाट्याची चिठ्ठी खोचलेली होती: शनिवार, सात वाजून पाच मिनिटं, ६२० किलो.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"दर शनिवारचं वजन." पैलवानानं नाक पुसलं. "साहेबांकडे वर्कशॉपची किल्ली असते. गाडी शुक्रवारी इथेच ठेवतात, टाकी काठोकाठ भरून. शनिवारी साडेसहाला येऊन चाकांची हवा बघतात, लाकडाच्या वखारीत ट्रकच्या काट्यावर गाडी नेतात आणि परत आणतात. मी साडेसातला येतो. गाडी हलकी करायचं खूळच होतं त्यांना. आज रेडिओ काढ, उद्या गालिचा काढ."

"काल तुमचं भांडण झालं म्हणे?"

"ते म्हणाले, हँडब्रेक काढ. मी म्हणालो, आता मी या गाडीतून काहीसुद्धा काढणार नाही."

"का?"

पैलवानानं गाडीच्या शेजारच्या सीटकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

वरिष्ठांना एवढं पुरेसं होतं. वखारीतून वर्कशॉपला यायला सात मिनिटं लागतात, म्हणजे सात बाराला मालक जिवंत होता. शवचिकित्सक म्हणाले, मृत्यू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. पैलवान साडेसातलाच आला याला साक्षीदार कोणी नाही. त्याला कोठडीत टाकलं. सोमवारी त्याला कोर्टात उभं करायचं, खुनाच्या आरोपाखाली. त्याची बायको ठाण्याच्या बाकावर येऊन बसली आणि कोणी सांगूनही उठेना. बाईंना तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी त्या आर्किटेक्टच्या घरी गेल्या. त्याची बायको शाळेत शिक्षिका होती; उंच, सडपातळ, शांत. भिंतीवर दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा फोटो होता.

"मुलगी?"

"हो. वर्ष झालं. याच गाडीतून पडली."

"आज सकाळी तुम्ही कुठे होता?"

"सव्वासहाला ते निघाले, मी सातला. सात वीसला शाळेच्या यंत्रावर अंगठा लावला. बघून घ्या."

बाईंनी ते आधीच बघितलं होतं. वर्कशॉपपासून शाळा आठ मिनिटांवर. सात बाराला परत आलेल्या माणसाला मारून सात वीसला तिथे पोचायचं म्हणजे एक मिनिटही हाताशी उरत नव्हतं.

"या गाडीशी जमायचं तुमचं?"

"जमवून घेतलं. डिकीत पिशवी मावत नाही, पाऊस आला की अंगावर. दोनच जागा, त्यामुळे तिघं कधी एकत्र गेलोच नाही. मी म्हणायचे, रेडिओ कशाला काढता, पोट कमी करा. माझा स्वयंपाकघरातला काटासुद्धा नेला, नटबोल्ट तोलायला."

"चालवता येते?"

"त्यांनीच शिकवली होती."

"वजनं ते कुठे लिहायचे?"

"मला काय माहीत?"

वही आर्किटेक्टच्या ऑफिसच्या खणात सापडली. अक्षर मोत्यासारखं. गेले पाच शनिवार एकच आकडा: ६५०. पाच आठवड्यांत गाडीतून काहीच काढलेलं नव्हतं. मागच्या पानांवर गाडीतून काढलेल्या वस्तूंची वजनं होती; ती उलटता उलटता बाई एका नोंदीवर थांबल्या. चौदा महिन्यांपूर्वीची: 'शेजारच्या सीटचा पट्टा, १ किलो ४०० ग्रॅम.'

त्यांनी गाडी वखारीत नेली आणि रिकामीच काट्यावर चढवली. टाकी जवळजवळ भरलेलीच होती. काट्यानं ५६० दाखवले.

"सकाळी तुम्ही त्यांना बघितलं?" त्यांनी काटेवाल्याला विचारलं.

"खिडकीतून टोपी दिसली, गॉगल दिसला. गाडी एवढीशी, वरून आणखी काय दिसणार?"

"काही बोलले?"

"आज नाही. एरवी माझं डोकं खातात, तुमचा काटा दहा-दहा किलोंनीच का सरकतो म्हणून. आज नुसता हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, गेले."

रविवारी सकाळी बाई हवालदाराला घेऊन शिक्षिकेच्या घरी परत आल्या.

"काल सात पाचला तुमचे यजमान काट्यावर नव्हते," त्या म्हणाल्या. "ते तेव्हा मेलेले होते."

शिक्षिकेनं टेबलावरच्या वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

"रिकामी गाडी ५६० किलो. यजमान ९२. बेरीज ६५०च्या आसपास, दर शनिवारी तेवढीच. काल भरली ६२०. पेट्रोल तेवढंच, गाडीतून काही काढलेलं नाही. मग तीस किलो गेले कुठे? गाडी तीच होती, माणूस बदलला होता. पैलवान बसला असता तर काटा वर गेला असता. हा माणूस साठ किलोंचा. गाडी चालवता येणारा, शनिवारचा नेम पाठ असणारा. ते चाकाशी वाकले होते, तेव्हा तुम्ही त्यांच्या डोक्यात पाना घातलात. त्यांचेच हातमोजे होते, म्हणून तुमचे ठसे नाहीत. मग टोपी-गॉगल घालून काट्यावर गेलात. काट्यावरून परतल्या परतल्या ते मारले गेले असते, तर टोपी डोक्यावरच असती आणि तिच्यावर रक्त असतं. सात बाराला गाडी जागेवर लावलीत आणि सरळ शाळेत चालत गेलात. त्या चिठ्ठीनं तुम्ही सुटणार होता. तिच्यावरचा आकडा तेवढा तुम्ही बघितला नाहीत."



"मला सांगितलं होतं, पट्टा तुटला," शिक्षिका म्हणाली. "वर्षभर मी त्या पट्ट्याच्या कंपनीला शिव्याशाप दिले. मागच्या महिन्यात माझा काटा आणायला ऑफिसात गेले आणि वही हाती लागली. एक किलो चारशे ग्रॅम. माझी मुलगी चौतीस किलोंची होती, बाई. वळणावर कागदासारखी उडाली. आणि हा माणूस गाडी दुरुस्त करून पुन्हा शनिवारी वजनाला जायला लागला."

"आणि पैलवान? त्याला फासावर जाऊ दिलं असतं तुम्ही?"

तिनं पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"पट्टा सोडवला कोणी? मालकानं? त्याला स्क्रूड्रायव्हर तरी धरता येत होता का?"

संध्याकाळी बाईंनी स्वतः कोठडीचं कुलूप काढलं. बाहेर पैलवानाची बायको उभी होती.

"सुटलास. जा घरी."

"कोणी केलं, मॅडम?"

बाईंनी सांगितलं. का केलं, तेही सांगितलं. लपवायचं असं त्यांच्या मनात होतं, पण जमलं नाही.

पैलवान उठून उभा राहिला होता, तो पुन्हा खाली बसला.

"दहा मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "पोरगी शेजारीच उभी होती. मला बोल्ट हातात देत होती."

बायकोनं बाहेरून दोनदा हाक मारली. तो उठला नाही.