धुवायचं राहिलेलं बोट

मी थापाड्या आहे, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण ही थाप नाही. विश्वास नसेल तर माझ्या पुतणीला विचारा. ती नुसती उठून जाईल.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार. टळटळीत दुपार. भुतं घड्याळ बघून येतात, असं तोवर मलाही वाटायचं.

पुतणी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे. त्या दिवशी ड्युटी तिचीच, आणि स्ट्रेचरवरून आत आला तिचा बाप. म्हणजे माझा दादा. इन्शुलिन टोचून घेतलं आणि जेवायचं सोडून वहिनीसाठी संत्री सोलत बसला. तिथेच कोसळला.

अंग घामानं निथळत होतं. डोळे अर्धवट मिटलेले.

पुतणीनं घाईघाईत स्पिरिटचा बोळा फिरवला. बोटाला सुई टोचली. थेंब मशीनच्या पट्टीला लावला.

तीनशे साठ.

"साखर चढलीय. इन्शुलिन भरा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे धावले.

तिनं सिरिंज भरली. बापाचा दंड धरला.

तेवढ्यात पडद्यापलीकडच्या खाटेवरून...

"बोट धुतलंस का, पोरी?"

दमलेला, पुरुषी आवाज.

"नुसत्या स्पिरिटनं जात नाही गं ते. माझंही कुणी धुतलं नव्हतं."

तिनं दादाचं बोट नाकाशी नेलं. संत्र्याचा वास. रसानं चिकट झालेलं.

साबणानं धुतलं. कोरडं केलं. पुन्हा टोचलं.

एकतीस.

मघाशी मशीननं बोटावरच्या रसाचीच साखर मोजली होती. दादाची साखर चढली नव्हती, पार तळाला गेली होती. त्यावर आणखी इन्शुलिन गेलं असतं, तर दादा तिथेच आटोपला असता.

शिरेतून ग्लुकोज दिलं... दादानं डोळे उघडले.

"काका, तुमचे उपकार झाले," म्हणत पुतणीनं पडदा सरकवला.

खाट रिकामी. चादरीला सुरकुतीही नाही.

"मावशी, इथले पेशंट कुठे गेले?"

"सकाळपासून कुणी नाही तिथं," लादी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "आता तुझेच डोळे तपासायला हवेत."

मागून दादा पुटपुटला, "अगं, त्याचंही धू ना. मघापासून माझा हात धरून बसलाय. बोटं नुसती चिकचिक करतायत त्याची."

दादाचा डावा हात खाटेबाहेर आलेला. मूठ अर्धीच मिटलेली... आत काहीतरी असल्यासारखी.

रिकाम्या खाटेच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. चादरीच्या कडेपर्यंत आली.

आणि तिथून पुढे... अधांतरी, एकीमागून एक, दादाच्या मुठीकडे निघाली.

दादा आज ठणठणीत आहे. फक्त झोपताना डावा हात पलंगाबाहेर सोडतो. सकाळी उठल्याबरोबर वहिनी आधी तो हात साबणानं धुते.

का, ते मी अजून विचारलेलं नाही.